फादर स्टीफन्स यांची पत्रे

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला, की फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव सर्वप्रथम घेतले जाते, आणि ते उचितच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यापासून तर हे नाव व्यासपीठांवरून अधिकच ऐकू येऊ लागले आहे. मराठीच्या गौरवाच्या त्यांच्या ओव्या वाचकांना पाठच असतील. म्हणून त्या येथे देत नाही. खरे सांगायचे तर त्या चार ओव्यांनीच हा कवी आपल्यापासून थोडा दूर गेला आहे, असे मला वाटते. भिंतीवरच्या तसबिरीला वर्षातून एकदा हार घालावा, तसे आपण त्यांच्याशी वागतो. तसबिरीशी कोणी बोलत नाही.

माणूस भेटतो तो पत्रांतून. फादर स्टीफन्स यांची हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच पत्रे काळाच्या तडाख्यातून वाचली आहेत. त्यांच्याकडे वळण्याचे निमित्त मात्र फार साधे घडले.

पवईसारख्या ठिकाणी मराठी मिस्सा चालवणे हे आज थोडे धीराचे काम आहे. तलावाभोवती उंच इमारती उभ्या राहिल्या, देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, आणि चर्चमध्ये इंग्रजी मिस्साला उभे राहायला जागा नसते. तर मराठी मिस्साला पुढची चार बाके भरली, की मी समाधान मानतो. येणाऱ्यांत पवई-मरोळच्या गावठाणांतली जुनी ईस्ट इंडियन कुटुंबे, वसईहून आलेली काही घरे, नगर-औरंगाबादकडून मजुरीसाठी येऊन येथेच स्थिरावलेली माणसे. गेल्या वर्षी उपवासकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गात मी ‘ख्रिस्तपुराणा’विषयी बोलत होतो. इंग्रजी माध्यमात शिकणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “फादर, स्टीफन्स तर इंग्रज होते ना? मग त्यांनी इंग्रजीत का नाही लिहिले?”

मुले हसली. मला हसू आले नाही. कारण प्रश्न बरोबर होता आणि त्याला चटकन देण्याजोगे उत्तर माझ्याजवळ नव्हते. सेमिनरीत आम्ही स्टीफन्स यांच्या ओव्या अभ्यासल्या होत्या, पण त्यांची पत्रे कोणी पुढे ठेवली नव्हती. घरी येऊन मी ती शोधून वाचू लागलो. त्या मुलाला आठवडाभराने मी जे उत्तर दिले, ते असे: त्यांनी इंग्रजीतही लिहिले, पण ते वडिलांना.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात, बुश्टन या खेड्यात झाला. वडील लंडनचे व्यापारी, त्यांचेही नाव थॉमसच. तो काळ इंग्लंडमधील कॅथॉलिकांना कठीण होता. राणी एलिझाबेथच्या राज्यात जुन्या श्रद्धेला चिकटून राहणे म्हणजे दंड, तुरुंग आणि पुढे पुढे तर मरण. तरुण स्टीफन्स यांना या काळात एक मित्र मिळाला, टॉमस पाउंड नावाचा. हा पाउंड मुळात राजदरबारी, देखणा आणि नृत्यात पटाईत. अशी कथा सांगतात, की १५६९ च्या नाताळात राणीसमोर नाचताना तो घसरून पडला आणि राणीने त्याला लाथ मारून ‘बैलोबा’ म्हणून हिणवले. तेव्हापासून दरबारचे त्याला वावडे झाले. कथेत मीठमसाला असेलही. पण पाउंड दरबार सोडून धर्माकडे वळला, हे खरे. स्टीफन्स त्याच्या नोकराच्या वेषात त्याच्याबरोबर हिंडत असत. दोघांनी मिळून रोमला जावे आणि येशूसंघात प्रवेश घ्यावा, असा बेत ठरला होता. निघण्यापूर्वी पाउंड पकडला गेला. स्टीफन्स एकटे निघाले.

२० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी रोममध्ये सांत आंद्रेआ येथील नवशिक्षितांच्या मठात प्रवेश केला. पण मित्र मनातून गेला नव्हता. नोव्हेंबर १५७८ मध्ये त्यांनी संघाच्या प्रमुखांपुढे पाउंडविषयी एक निवेदन ठेवले. आपला मित्र कोण, कसा, काय सोसतो आहे हे सारे त्यात सांगून, तो तुरुंगात असतानाच त्याला संघात घ्यावे, अशी त्यांनी विनंती केली. विनंती विलक्षण होती. नवशिक्षित म्हणून मठात दोन वर्षे काढल्याशिवाय जेथे कोणाला शपथ घेता येत नाही, तेथे शेकडो मैलांवर गजाआड बसलेल्या माणसाला, तोही एका मित्राच्या शब्दावर, कसा प्रवेश द्यावा? प्रमुख एव्हेरार्द मर्क्यूरियन यांनी तो दिला. १ डिसेंबर १५७८ चे त्यांचे पत्र पाउंडला मिळाले. पुढे पाउंडने आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत काढली. दोघा मित्रांची पुन्हा भेट झाली नाही.

स्टीफन्स यांचे लेखन म्हटले, की आपण ‘ख्रिस्तपुराणा’पासून प्रारंभ करतो. माझ्या मते प्रारंभ येथून करावा, या मित्रासाठी केलेल्या अर्जापासून. दुसऱ्यासाठी शब्द टाकण्याची ही सवय त्यांना जन्मभर राहिली.

पाउंडला ते पत्र लिहिले गेल्यानंतर चार महिन्यांनी, ४ एप्रिल १५७९ रोजी, पाच गलबतांच्या काफिल्यातून ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोचले. नोंदींवरून पाहता, भारतात येऊन वस्ती केलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचेच नाव दिले जाते. गोव्यात पाय ठेवून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच त्यांनी वडिलांना एक दीर्घ पत्र लिहिले. तारीख १० नोव्हेंबर १५७९. हे पत्र इंग्रजीत आहे.

या पत्रात धर्मोपदेश जवळजवळ नाही. प्रथम वाचताना याचे मला आश्चर्य वाटले. नवा मिशनरी, मनात उत्साह ओसंडत असलेला, आणि वडिलांना लिहिताना बोलतो कशाविषयी? तर वाऱ्यांविषयी, होकायंत्राच्या सुईविषयी, माशांविषयी. गलबते निघताना कर्णे वाजले आणि तोफा उडाल्या. खलाशी आणि शिपाई यांच्याबरोबर लहान मुलेही पुष्कळ होती आणि मोठ्या पुरुषांपेक्षा ती समुद्र अधिक चांगला सोसत, हे तो कौतुकाने सांगतो. वाटेत एक इंग्रज जहाज आडवे येऊन गोळ्या झाडून गेले. विषुववृत्ताजवळ वारा पडतो, गलबत जागच्या जागी डुलत राहते, उष्म्याने पाणी नासते आणि अन्न कुजते. पंख पसरून पाण्यावर उडणारे मासे, शार्क आणि त्याच्या अंगाला बिलगून चालणारे बारके मासे हे सारे त्याने निरखले आहे. उत्तर-दक्षिण किती आलो हे आकाश पाहून सांगता येते. पण पूर्व-पश्चिम अंतर मोजण्यास आकाशात तसा स्थिर आधार नाही, त्यामुळे नाविकांना अंदाजावर चालावे लागते, हे तो नीट समजावून देतो. वडील व्यापारी आहेत, त्यांना कशात गोडी वाटेल, हे मुलाला ठाऊक आहे.

२९ जुलैला काफिला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला पोचला. तेथून भारताकडे दोन वाटा. मादागास्करच्या आतली वाट घेतली, तर मोझांबिकला थांबून पाणी भरता येते, आजाऱ्यांना जमीन मिळते. उशीर झालेला असेल, तर बेटाच्या बाहेरून जावे लागते, आणि मग कित्येक आठवडे जमीन दिसत नाही. यांच्या वाट्याला दुसरी वाट आली. हिरड्या सुजून दातांवर येतात आणि कापून काढाव्या लागतात, पाय सुजतात, हातपाय हलेनासे होतात. या रोगाचे वर्णन त्याने भावनेचा एकही शब्द न घालता केले आहे. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मेली. इतर वर्षांच्या मानाने हा तोटा जुन्या प्रवाशांना फारसा वाटला नाही, हेही तो सांगतो. पुढे प्रवाहांनी हिसका देऊन गलबत सोकोत्रा बेटाकडे, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी नेले. अखेर एक दिवस पाण्यावर तरंगती माडाची झावळी दिसली आणि जमीन जवळ आल्याचे कळले.

पत्राच्या अखेरीस गोव्याच्या लोकांविषयी दोन-चार वाक्ये आहेत आणि ती आजच्या वाचकाला खटकतील. वर्ण, पोशाख, नाकडोळे. नुकत्याच उतरलेल्या परक्याची नजर. ती मी लपवून ठेवत नाही. हा माणूस पुढे चाळीस वर्षे येथे राहिला आणि त्या नजरेचे काय झाले, हे कळायचे असेल, तर आरंभ कोठे झाला तेही पाहिले पाहिजे.

धर्मविषयक मौनाचे कारण मला पुढे उमगले. पत्र लंडनला जायचे होते. जेझुइट मुलाचे पत्र घरात सापडणे हे बापाला सुखाचे नव्हते. ज्या एडमंड कॅम्पियन या जेझुइटाने १५८० मध्ये इंग्लंडमध्ये येऊन तुरुंगातल्या पाउंडची भेट घेतली, त्याला १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनमध्ये फासावर चढवून त्याचे तुकडे करण्यात आले. अशा दिवसांत मुलगा वडिलांना माशांविषयी आणि वाऱ्यांविषयी लिहितो, त्यात मला तरी थोडी माया आणि बरीच काळजी दिसते. हा माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

दैवाचा खेळ असा, की हेच पत्र सर्वांत आधी छापले गेले. १५८९ मध्ये रिचर्ड हॅक्लुइट याने इंग्रजांच्या सागरी प्रवासांचा जो मोठा संग्रह काढला, त्यात त्याने ते घातले. या पत्रामुळे इंग्रजांना भारताची वाट सापडली आणि त्यातून ईस्ट इंडिया कंपनी निघाली, असे काही लेखक सांगतात. मला हे ताणलेले वाटते. कंपनीची सनद ३१ डिसेंबर १६०० ची; तिच्यामागे डच स्पर्धा होती, मिरीचे भाव होते आणि इतर अनेक प्रवाशांची माहिती होती. एका मुलाने बापाला लिहिलेल्या पत्राच्या खांद्यावर साम्राज्याचे ओझे टाकू नये.

तरीही व्यापाऱ्यांशी त्यांचा संबंध आलाच. १५८३ च्या अखेरीस जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार असे चार इंग्रज होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. हेर असल्याचा त्यांच्यावर संशय होता. ते प्रॉटेस्टंट देशाचे प्रजाजन. त्याच देशाच्या सरकारने स्टीफन्स यांचा मित्र डांबून ठेवलेला. स्टीफन्स यांनी त्यांच्यासाठी विजरईकडे रदबदली केली आणि ते जामिनावर सुटले. न्यूबेरीने जानेवारी १५८४ मध्ये गोव्याहून लिहिलेल्या पत्रात आणि फिचने पुढे आपल्या प्रवासवृत्तात त्यांचे नाव घेऊन ही मदत नमूद केली आहे. चौघांपैकी स्टोरी गोव्यातच राहिला. उरलेल्यांनी एप्रिलमध्ये पळ काढला.

याच वर्षी, हे व्यापारी गोव्यात आणले जाण्याआधी थोडेच दिवस, स्टीफन्स यांनी पॅरिसमध्ये असलेला आपला भाऊ रिचर्ड याला पत्र लिहिले. तारीख २४ ऑक्टोबर १५८३. गोव्यास पोचले त्या तारखेला बरोबर चार वर्षे झाली होती. योगायोगही असेल, पण घरापासून दूर राहणारे आपण सारेच अशा तारखा मनात धरून असतो. हे पत्र लॅटिनमध्ये आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. या पत्रांत ‘साल्सेत’ असा शब्द येतो आणि आपल्यापैकी काही उत्साही मंडळी तो वाचून स्टीफन्स यांना आपल्या मुंबईच्या साष्टीत आणून बसवतात. सहासष्ट गावांची ती साष्टी. अशा साष्ट्या दोन आहेत. एक आपली, वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंतची, जिच्यात पवई आहे. दुसरी गोव्यातली, मडगाव-रायतूरची. स्टीफन्स यांची कर्मभूमी ती दुसरी. आपल्या साष्टीतही येशूसंघीय सोळाव्या शतकात होते. आजच्या विहार तलावाच्या परिसरात त्यांची त्रिनिदाद नावाची वसाहत होती. आणि आपल्याकडचे पुराण म्हणजे फ्रान्सिस्को वाझ द गिमराइश यांचे, १६५९ मध्ये लिस्बनला छापलेले. ते वेगळे, त्याची भाषाही वेगळी. अभिमान असावा, पण पत्ता चुकू नये.

भावाला लिहिलेल्या पत्राचा मोठा भाग दुःखाचा आहे. जुलै १५८३ मध्ये गोव्याच्या साष्टीतील कुंकळ्ळी गावी फादर रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीय आणि त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती लोक मारले गेले. आक्वाविवा हे अकबराच्या दरबारात तीन वर्षे राहून नुकतेच परतले होते. मृतदेह एका विहिरीत टाकलेले होते. ते मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामी स्टीफन्स यांचा सहभाग होता. जे सहकारी काल-परवा बरोबर जेवत होते, त्यांची ही अवस्था पाहून तीन महिन्यांनी त्यांनी भावाला लिहिले आहे. या पाच जणांना १८९३ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले.

ही हकीकत आपण चर्चमध्ये ऐकतो. पुढची हकीकत ऐकत नाही, म्हणून ती येथे लिहितो. साष्टीतील देवळे त्यापूर्वी अनेक वर्षे पाडली जात होती. कुंकळ्ळी आणि शेजारच्या गावांवर पोर्तुगीज शिपायांच्या स्वाऱ्या झाल्या होत्या, आणि त्यांत आमचे धर्मगुरूही होते. हत्येनंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले गेले आणि तेथे त्यांना ठार करण्यात आले. बोलावून नेलेल्या माणसांना असे मारणे याला विश्वासघातावाचून दुसरा शब्द नाही. आज कुंकळ्ळीत त्या गावकऱ्यांचेही स्मारक आहे. स्टीफन्स यांच्या पत्रात आपल्याला एकच बाजू मिळते. ती खोटी नाही, अपुरी आहे. शोकात लिहिलेल्या पत्राकडून न्यायाधीशाचा निकाल मागू नये. पण चारशे वर्षांनी ते वाचणाऱ्याने मात्र दोन्ही बाजूंचे मृत मोजले पाहिजेत.

याच पत्रात, या सगळ्या रक्ताच्या वर्णनानंतर, भाषेविषयीची ती काही वाक्ये आहेत, ज्यांच्यामुळे हे पत्र भाषाशास्त्राच्या इतिहासात गेले. या प्रदेशात भाषा पुष्कळ आहेत, असे ते भावाला सांगतात. त्यांचे उच्चार कानाला गोड लागतात, आणि त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. वाक्प्रयोग आणि रचना थक्क करणाऱ्या आहेत. येथले अक्षर म्हणजे एकटा वर्ण नव्हे, ते अवयव धरून असते, आणि व्यंजनांना स्वर किंवा दुसरी व्यंजने जोडत जावे तसतशी त्याची रूपे पालटतात.

सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयी कलकत्त्यात जे प्रसिद्ध भाषण केले, ते २ फेब्रुवारी १७८६ चे. स्टीफन्स यांचे निरीक्षण त्याच्या दोनशे दोन वर्षे आधीचे. काहीजण उत्साहाने म्हणतात, की शोध स्टीफन्स यांचाच. तसे म्हणणे बरोबर नाही. या भाषांचा मूळपुरुष एक असावा, असे स्टीफन्स यांनी म्हटलेले नाही. त्यांनी साम्य पाहिले आणि नोंदवले. पण चार वर्षांपूर्वी लोकांच्या नाकडोळ्यांविषयी लिहिणारा माणूस आता त्यांच्या क्रियापदांविषयी आश्चर्याने लिहितो आहे, आणि ज्या दोन भाषांना युरोपातील विद्वान डोक्यावर घेत, त्यांच्या पंक्तीला आपल्या भाषेचे पान मांडतो आहे. तेही कोठे? ज्या पत्रात मित्रांचे मृतदेह विहिरीतून काढल्याची हकीकत आहे, त्याच पत्रात. मारणाऱ्यांची आणि या भाषेची बोली एकच होती. त्याचा राग त्यांनी भाषेवर काढला नाही.

या लॅटिन पत्राची प्रत ब्रसेल्सच्या राजग्रंथालयात जतन झाली आहे. स्टीफन्स यांच्या चरित्राचे धागे जुळवण्याचे मोठे काम गेऑर्ग शुरहामर या जर्मन येशूसंघीय संशोधकाने १९५० च्या दशकात केले. त्यापूर्वी मंगळूरच्या जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये पुराणाची आवृत्ती काढताना कवीचे चरित्र मांडले होते. या दोघांचे ऋण आपण क्वचितच मानतो.

त्यानंतर पंचवीस वर्षांचा काळ. या काळात स्टीफन्स साष्टीच्या गावोगाव राहिले. पोर्तुगीज त्यांना पाद्री एस्तेव्हाव म्हणत, कोणी जन्मगावावरून बुस्तां म्हणत. मडगाव आणि रायतूर येथे त्यांनी निरनिराळ्या जबाबदाऱ्या सांभाळल्या. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल १६०८ च्या सुमारास गोव्यात तुरुंगात पडला, तेव्हा त्याच्यासाठीही धावून गेलेल्यांत हेच होते. रोजच्या व्यवहारासाठी ते कोकणी बोलत, आणि तिचे व्याकरणही त्यांनी रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. काव्य मात्र मराठीत, कारण त्या भागात पुराणे ऐकली जात ती मराठीत.

५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी रोमला संघप्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा यांना पत्र लिहिले. हे आक्वाविवा म्हणजे कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या रुडॉल्फ यांचे काका. पत्राच्या शेवटी, बाकीचे विषय संपल्यावर, स्टीफन्स आपल्या मनातली एक गोष्ट काढतात. कित्येक वर्षांपासून आपली फार इच्छा आहे, की या प्रांतात इथल्या लोकांच्या भाषेत आणि त्यांच्याच लिपीत काही पुस्तके छापली जावीत. मलबारात तशी छापली गेली आहेत आणि त्यांचा तेथील ख्रिस्ती समाजाला लाभ झाला आहे. अडचणी दोन. इथली अक्षरे युरोपासारखी चोवीस नाहीत. जोडाक्षरे आणि काने-मात्रे धरून सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील. आणि दुसरी, प्रांताधिकाऱ्यांच्या आज्ञेवाचून आणि साहाय्यावाचून हे काम होणार नाही.

मी हे पत्र वाचले तेव्हा मला सर्वांत जास्त भिडली ती त्याची जागा. पत्राच्या अखेरीस. ज्यांनी वरिष्ठांना पत्रे लिहिली आहेत, त्यांना हे समजेल. जे मागायचे असते, ते आपण शेवटी लिहितो. आधी सगळा हिशेब, सगळी कामे, सगळा आदर, आणि मग, ‘जाता जाता’, खरी गोष्ट. त्या वेळी स्टीफन्स साठीच्या घरात होते. ‘ख्रिस्तपुराणा’चे काम चालू असणार. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ, आणि तो ज्यांच्यासाठी लिहायचा, त्यांना वाचता येईल अशा अक्षरांत छापला जावा, एवढीच मागणी.

ती पुरी झाली नाही. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ पासून होते; खिळे मात्र रोमनच राहिले. १६१६ मध्ये रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत, पोर्तुगीज शीर्षकाखाली. ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ मिळून पंचाण्णव अवस्वरू आणि १०,९६२ ओव्या. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, स्टीफन्स वारले. ग्रंथाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, त्याही रोमन लिपीतच. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या विजरईने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेचे पान स्टीफन्स यांनी ग्रीक-लॅटिनच्या पंक्तीला मांडले होते, ते असे त्यांच्याच धर्मबांधवांच्या राज्यात उचलले गेले. लोकांनी हस्तलिखिते करून, पाठ करून, उपवासकाळात म्हणून हा ग्रंथ टिकवला. मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी विशेषेकरून.

नागरी खिळ्यांनी मराठी मजकूर छापला गेला तो बंगालमध्ये, श्रीरामपूरला, विल्यम कॅरी यांच्या १८०५ च्या मराठी व्याकरणात. मागणी केल्यापासून एकशे सत्त्याण्णव वर्षांनी. आणि करणारा एक बॅप्टिस्ट मिशनरी, तोही इंग्रजच. आम्हा कॅथॉलिकांना यात थोडे ओशाळण्यासारखे आहे.

‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी पोथी मात्र होती. लंडनच्या मार्सडेन संग्रहात ती पडून होती आणि १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी तिच्याकडे लक्ष वेधले. त्यानंतर शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली, १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांची मुंबईहून आली, आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांची. म्हणजे स्टीफन्स यांनी जी अक्षरे मागितली होती, ती आज आपल्या कपाटात आहेत. वाचणारे किती, हा प्रश्न मी पवईतल्या चार बाकांकडे पाहून स्वतःला विचारतो, आणि त्याचे उत्तर टाळतो.

त्या मुलाला मी हे सारे सांगितले, अर्थात इतके लांबवून नव्हे. वडिलांना इंग्रजीत, भावाला लॅटिनमध्ये, आणि ज्यांच्यात राहायचे होते त्यांना मराठीत; ज्याला जी समजेल ती, एवढाच त्यांचा नियम होता. मुलाचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. तो म्हणाला, “मग आम्हाला इंग्रजी समजते, फादर.” यावर मी काही बोललो नाही. त्याच्याच तर्काने त्याने मला पकडले होते.

पुढच्या रविवारी मात्र मी ओव्या बाजूला ठेवल्या आणि भावाच्या पत्रातला माडाविषयीचा भाग मुलांना मराठीत करून सांगितला. वर्गात त्या दिवशी काही आज्याही नातवंडांना घेऊन बसल्या होत्या. स्टीफन्स लिहितात, की येथे एक झाड आहे. त्यापासून तेल निघते, माडी निघते, गूळ आणि शिर्का होतो. काथ्याचे दोर वळतात. झावळ्यांनी झोपड्या शाकारतात. फळ बारा महिने लागते, दिसायला माणसाच्या डोक्याएवढे. आतले पाणी इतके, की एक प्याले तर दुसऱ्याची वासना राहत नाही. आतला गर खातात. करवंटीचा कोळसा लोहार वापरतात. समुद्रकाठचे लोक या झाडाचे दोर आणि शिडे करतात, आणि लिहिण्यासाठीही त्याचीच पाने. मी यादी संपवली आणि मुलांना विचारले, की इंग्लंडहून आलेल्या माणसाने काही सोडले का?

मुले गप्प राहिली. मागच्या बाकावरून मरोळच्या एक आजी उठल्या, पदर सावरला, आणि म्हणाल्या, “फादर, खराटा राहिला.”